कुठं चालली गाडी?

सांगणार: हमीद मिस्त्री, चौफुला

आमचं मूळ गाव मांडवगण फराटा, तालुका शिरूर, म्हंजी इथनं नदीच्या पल्याड. माझे अब्बा कल्हईवाले व्हते. गावोगाव फिरायचे, लिंबाखाली भाता मांडायचे, बायका घरातली तांब्यापितळंची भांडी आणून टाकायच्या आन् अब्बांनी नवसागर टाकून कथलाचा हात फिरवला की काळं पडलेलं पातेलं आतनं चांदीवानी व्हायचं. मी भाता मारायला. मग स्टीलची भांडी आली आन् काय सांगू तुम्हाला, बघता बघता धंदा गेला, कुणी भांडलं न्हाई, कुणी मारलं न्हाई, बायकांनी भांडी आणायची थांबवली, बस, संपलं. अब्बा म्हणले हमीद, तू असं काम शिक की बंद पडलेलं चालू करायचं काम असंल, कारण वस्तू बंद पडायचं काय थांबत न्हाई. आन् मला दौंडाला नेऊन वस्तादाच्या हवाली केलं.

वस्ताद म्हंजी रेल्वेच्या शेडमधनं रिटायर झालेला माणूस. बोलायला कमी, बघायला जास्त. त्यांचे दोन कायदे व्हते, लिहिलेले न्हाईत, पण मोडले की पान्याचा टोला बसायचा. एक, जी वस्तू खोलली ती पुसल्याबिगर बंद करायची न्हाई. कार्बोरेटर असू दे, न्हाई तर हॉर्नचं झाकण असू दे, पुसायचं आन् मगच लावायचं. गिऱ्हाईकाला दिसत न्हाई तरी पुसायचं. दुसरा, गाडी कुणाची आन् कुठं चालली हे मिस्त्र्यानं विचारायचं न्हाई. आपल्याम्होरं गाडी बंद हाय, ती चालू करायची, हात धुवायचे. मला तवा हे लई भारी वाटायचं. वाटायचं, आपण कुणाच्या भानगडीत न्हाई, आपलं काम साफ.

त्याच दिवसांत किसन आला. राहूचा. घरी झेंडू, शेवंती, गुलछडी, सगळी फुलशेती, आन् ह्याला मातीपेक्षा इंजिनाचं वेड. आमच्या दोघांची जोडी वस्तादानंच लावली. आता तुम्ही विचारलंत ना, गाडी सेल मारती पण चालू व्हत न्हाई तर काय बघायचं, ते मी ह्या जोडीपास्नं सांगतो, कारण ते काम एकट्याचं न्हाईच. सेल मारती, खर्र खर्र आवाज येतो, म्हंजी बॅटरी जित्ती हाय, स्टार्टर जित्ता हाय. मग बघायचं दोन गोष्टी, करंट आन् पेट्रोल. लोक काय करत्यात, घाबरून सेलावर सेल मारत बसत्यात, बॅटरी उतरवत्यात आन् मग आमच्याकडं येत्यात. आपण थांबायचं. आधी वास घ्यायचा. पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल येतंय. मग प्लगची वायर काढून बॉडीजवळ धरायची आन् दुसऱ्यानं सीटवर बसून सेल मारायचा. निळी ठिणगी पडली तर करंट हाय. म्हंजी एकानं वायर धरायची, एकानं चावी फिरवायची. वायर धरणाऱ्यानं बास म्हणलं की चावीवाल्यानं सोडायचं, न्हाई सोडलं तर झटका. मी धरायचो, किसन मारायचा. एकदा ह्या बेट्यानं मुद्दाम सोडलं न्हाई, मी झटका खाऊन मागं टायराच्या ढिगात बसलो, वस्ताद हसून हसून खोकायला लागले. मग दुसऱ्या दिवशी मी त्याच्या चहात मीठ टाकलं. अशी आमची दोस्ती. पण कामाच्या वक्ताला, खरं सांगतो, त्याच्या हातात चावी असली की मी वायर डोळं झाकून धरायचो.

पुढं मी हिथं चौफुल्याला पत्र्याचं गॅरेज टाकलं. किसन बी येणार व्हता भागीत, बोर्डावर दोघांची नावं घालायची ठरलं व्हतं. पण किसनचं लगीन ठरत व्हतं, आन् मंदावहिनींच्या वडलांना कंपनीतला जावई पायजे व्हता. काळ्या हाताचा मिस्त्री न्हको, गळ्यात गेटाचा पास लावून कंपनीत जाणारा पायजे. मी म्हणलं किसन, फुलं करतोस तवा हिरवा हात, मिस्त्री झालास तर काळा हात, आता कंपनीत जाऊन बघ कुठल्या रंगाचा हात व्हतो. हसला. गेला. नगर रोडकडं तवा एमआयडीसीत नव्या कंपन्या येत व्हत्या, त्यातल्या एकीत लागला. पण कंपनीत लागला म्हंजी कंपनीचा न्हाई बरं का, ठेकेदाराचा. ठेकेदार बी राहूचाच. मशीन कंपनीचं, माल कंपनीचा, घाम किसनचा आन् पासावर नाव ठेकेदाराचं. काही महिने झाले की ब्रेक द्यायचे, आठवडाभर घरी बस, मग परत नवा पास, म्हंजी कागदावर माणूस कायम नवाच. शेजारच्या मशीनवर कायमचा कामगार, काम तेच, त्याला बस, त्याला कँटीन, ह्याला सायकल आन् घरचा डबा. अशी किती वर्सं काढली त्यानं. पोरगा झाला, सागर, तो शाळंत जायला लागला तरी बाप कागदावर नवाच.

मग पोरं उठली. कायम करा म्हणून गेटावर बसली. किसन म्होरं. मी त्याला म्हणलं, तू तर वस्तादाम्होरं बी मान वर करत न्हवतास. तर म्हणला हमीद, तुझ्याकडं येणारी गाडी बंद पडली तर तू विचारतो का बंद पडली. आमची रोज बंद पडती, आम्ही विचारायचं बी न्हाई व्हय. मी आमच्या घरनं भाकऱ्या आन् ठेचा पाठवत व्हतो गेटावर. हे मी माझी बाजू सांगाया म्हणून सांगत न्हाई. उलटं हाय. मला सगळं ठाऊक व्हतं, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगतोय.

मशीन चालवायला हात न्हवते, माल अडकला व्हता, तवा कुठं कंपनीचा साहेब नरमला. म्हणला अमुक दिवशी दुपारी बोलणी करू. पोरांना कळलं व्हतं की तवर ठेकेदार दुसरी माणसं आणायला बघतोय, बाहेरची, मशीन चालवता येणारी, आन् ती त्यानं आपल्या राहूच्या वाड्यात आणून ठेवलीत. दुपारच्या आत ती मशीनवर उभी ऱ्हायली तर साहेब बोलणी कशाला करंल? पण आपल्या भागातल्या एका बी जीपवाल्यानं त्यांना न्यायला हा म्हणलं न्हाई. काय माणसं असत्यात बघा. रोजचा धंदा त्याच ठेकेदाराचा, तरी कुणी म्हणला क्लच गेलाय, कुणी म्हणला सासू वारलीय, एकाची सासू तर त्या वर्षात दुसऱ्यांदा वारली. मग ठेकेदाराकडं ऱ्हायली त्याची स्वतःची पांढरी व्हॅन, पेट्रोलची, मागची सीटं काढून माणसं कोंबायची ती.

त्या दिवशी सकाळी ठेकेदाराचा माणूस मोटारसायकल घेऊन माझ्या दारात. म्हणला व्हॅन सेल मारती, चालू व्हत न्हाई. शिरूरचा मिस्त्री येऊन बॅटरी उतरवून गेला, दुसरी बॅटरी लावलीय, मालकांनी तुम्हालाच बोलावलंय. मी पेटी उचलली. बघा, इथंच मी पेटी ठेवू शकत व्हतो. क्लच गेलाय म्हणायला माझ्याकडं गाडी न्हवती, पण ताप आलाय म्हणता आलं असतं, सासू माझी बी व्हती. मी पेटी उचलली आन् मनात म्हणलं, विचारायचं न्हाई. वस्तादाचा कायदा.

वाड्यात गेलो तर ती माणसं पडवीत पिशव्या घेऊन बसलेली. गरीबच व्हती ती बी, कुणाशी नजर लावत न्हवती. ठेकेदार म्हणला या हमीदभाई, शिरूरवाला म्हणतो इंजिन गेलं, मी म्हणलं आमच्या चौफुल्याच्या मिस्त्र्याचा हात लागला की गाडी बोलती. चार लोक जमले व्हते. काय सांगू तुम्हाला, असं बोललं की अंगात काय तरी चढतंच. मी ड्रायव्हरशेजारचं सीट उचललं, त्या व्हॅनचं इंजिन सीटाखाली असतंय. वास घेतला, पेट्रोल बरोबर. प्लगची वायर काढून धरली आन् म्हणलं सेल मारा. मारायला कोण? ठेकेदार स्वतः बसला. मी वायर धरली आन् सेल ठेकेदारानं मारला. हे मला अजून सपनात दिसतं, बाकीचं न्हाई, एवढंच दिसतं.

ठिणगी न्हाई. मग कॉईलकडनं येणारी मधली जाड वायर काढून धरली, तिला फटाफट ठिणगी. म्हंजी करंट हिथवर येतोय आन् पुढं जात न्हाई. मग मधे ऱ्हातं काय, डिस्ट्रिब्यूटर. त्याच्या आत एक रोटर असतो, अंगठ्याच्या पेरायेवढा, वर पितळंची पट्टी, तो गोल फिरतो आन् आलेला करंट एकेका प्लगला वाटून देतो. मी क्लिपा काढल्या, झाकण उचललं. रोटरच न्हाई. कुणी तरी काढून नेलेला.

आन् झाकण आतनं पुसलेलं.

त्या व्हॅनीवर बोटभर धूळ, सीटाखाली तंबाखूच्या पुड्या, आन् त्या झाकणाच्या आतला सगळा काळा भुगा फडक्यानं साफ केलेला, क्लिपा नीट बसवलेल्या. चोर पुसत न्हाई. गाडी बंद पाडायला आलेला माणूस, अंधारात, कुत्रं भुंकंल ह्या भीतीनं, पुसत न्हाई. असं पुसणारी माणसं माझ्या माहितीत तीन. वस्ताद दौंडात खाटंवर पडून. एक मी. तिसरा गेटावर बसलेला.

आता तुम्ही म्हणाल, मग थांबायचं. एक शब्द पुरला असता. रोटर पुण्यावरनं आणावा लागंल, दुपार व्हईल, बस. खोटं बी न्हवतं ते, शिरूरात मिळायची खात्री न्हवती. पण माझ्या पेटीत रोटर व्हता. तसलाच. आन् मी तुम्हाला खरं सांगतो, भीती न्हवती, लालूच न्हवती. मला आनंद झाला व्हता. शिरूरवाल्याला न्हाई सापडलं ते मला सापडलं. ह्या आनंदात माझा हात पेटीकडं गेला. रोटर बसवला, झाकण परत एकदा पुसलं, क्लिपा लावल्या, म्हणलं मारा सेल. पयल्या सेलला चालू झाली. लोकांनी वा वा केलं. पडवीतली माणसं पिशव्या घेऊन उठली आन् व्हॅनीत बसली, आन् मी हात धुतले.

दुपारची बोलणी झाली न्हाई. साहेब गेटाकडं फिरकला बी न्हाई.

सांजच्याला मी स्वतः गेटावर गेलो. म्हणलं व्हॅन मी चालू केली. एक पोरगं अंगावर धावून आलं, त्याला किसननं धरलं. मला म्हणला बस, चहा घे. मी म्हणलं किसन, झाकण पुसलेलं व्हतं रं. तर तो हसला. खरंच हसला. म्हणला सवय, काय करू, पुसल्याबिगर हातच निघंना. मग बाकीच्यांना म्हणला, त्याला काय बोलू नका, त्याचा धंदा हाय. तुम्ही मला सांगा, त्यानं मला चार शिव्या घातल्या असत्या, कानाखाली काढली असती, तर मी रडलो असतो आन् मोकळा झालो असतो. त्यानं चहा दिला.

मी वस्तादाकडं बी गेलो दौंडाला. सगळं सांगितलं. म्हणले, दोघांनी बी काम नीट केलं. येवढंच. मला वाटलं व्हतं काय तरी तोड सांगतील. मी पाय धरून उठलो. बसस्टँडवर आलो तवा पयल्यांदा मनात आलं, की वस्तादाचा कायदा अर्धाच हाय. गाडी चालू करायची हे खरं. पण कुठं चालली हे विचारायचं न्हाई, हे कुणाच्या फायद्याचं? ज्याच्याकडं गाडी हाय त्याच्या फायद्याचं. पायी जाणाऱ्याच्या न्हाई.

किसनला आन् गेटावर बसलेल्या कुणालाच परत घेतलं न्हाई. नुसतं त्या कंपनीत न्हाई, आजूबाजूला कुठंच. नाव सांगितलं की वॉचमन म्हणायचा, भरती न्हाई. किसन परत फुलांत गेला. आन् माझं काय झालं ऐका. ठेकेदारानं साऱ्या भागात सांगितलं, शिरूरवाल्यानं हात टेकले ती गाडी हमीदनं चालू केली. माझ्याकडं गाड्यांची रांग लागली. हा पत्रा गेला, हा स्लॅब आला. त्याच्याखाली बसून मी तुमच्याशी बोलतोय. शुक्करवारी जुमा पढायला जातो तवा बी सज्द्यात, कपाळ टेकलं की, मला तेच दिसतं, मी वायर धरलीय आन् चावी ठेकेदाराच्या हातात.

तवापास्नं मी विचारतो. मघाशी तुम्ही बघितलंत ना, त्या जीपवाल्याला मी बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, कुठं चालली गाडी? लोक हसत्यात. एकजण म्हणला मिस्त्री, बायकोला माहेरनं आणाया चाललोय, तुमची परवानगी हाय का? दुसरा म्हणला ह्यांनी आता तिकिटं फाडायला घ्यावीत. हसू द्या. दोनदा मी गाडी चालू न करता परत लावून दिलीय, कुणाच्या ते सांगत न्हाई. दोन्ही गाड्या दुसऱ्या मिस्त्र्यानं चालू केल्या. म्हंजी माझ्या विचारण्यानं जगात काय थांबत न्हाई. तरी विचारतो.

किसन ह्या रस्त्यानं जायचा, हात करायचा, थांबायचा न्हाई. गाडीचं काम निघालं तर केडगावला न्यायचा. अशी वर्सं गेली.

आन् गेल्या म्हैन्यात, दुपार व्हायच्या बेताला, मी आत चहा घेत बसलेलो, तर रस्त्यावर खर्र खर्र, खर्र खर्र. मी कप खाली ठेवला. सेल मारती, चालू व्हत न्हाई. बाहेर आलो, एक जुनी व्हॅन, तसलीच, फक्त निळी. ड्रायव्हरशेजारचं सीट उचललेलं, आत डोकं घालून कोण तरी वाकलेलं. मी सवयीनं म्हणलं, कुठं चालली गाडी? तर डोकं वर आलं. किसन. केस सगळे पांढरे. म्हणला, आधी चालू तर कर, मग सांगतो.

व्हॅन झेंडूनं भरलेली, वासानं डोकं धरलं. फुलांच्या पोत्यांवर सागर बसलेला, बापाएवढा झालाय आता. मी वायर काढली, धरली. किसन चावीवर बसला. मारू? मार. ठिणगी न्हाई. बास म्हणलं, त्यानं त्याच क्षणाला सोडलं. मधली वायर, ठिणगी फटाफट. आम्ही दोघांनी एकमेकाकडं बघितलं. झाकण काढलं तर रोटर व्हता, पण तडकलेला, करंट तडीतनं खाली उतरत व्हता. मी पेटी धुंडाळली, दुकान धुंडाळलं. आता रोटरच्या गाड्या ऱ्हायल्यात किती, माझ्याकडं एक बी न्हाई. तवा किसन म्हणला, सागर, ड्रॉवरमधली डबी दे.

तंबाखूची डबी. आत फडकं. फडक्यात रोटर. पट्टी अजून चमकत व्हती. मी म्हणलं किसन, हा तोच? म्हणला हा. टाकून कसा द्यायचा, चांगला माल हाय.

मला तो हातात धरवंना. त्यानंच बसवला. मी झाकण पुसलं, लई येळ पुसलं. तवा सागर म्हणला, काका, जरा आवरा, उशीर झाला की पास काढून घेत्यात. तवा मी बघितलं, त्याच्या गळ्यात पास. मी किसनकडं बघितलं. तो म्हणला, फुलं केडगावात टाकायची आन् ह्याला गेटावर सोडायचा, पयली शिफ्ट चुकली, दुसरी तरी गाठू दे. कायमवाल्यांना बस हाय, ह्यांना न्हाई. मी म्हणलं कुठलं गेट? म्हणला तेच. ठेकेदार कोण? तोच, आता त्याचा पोरगा बघतो. असं म्हणला जसं कुणी पिकपाण्याचं सांगावं.

मी क्लिपांवर बोटं ठेवून उभा. एक लावली व्हती, एक ऱ्हायली व्हती. ज्या रोटरनं ती व्हॅन थांबवायची व्हती, तो आता किसनच्याच पोराला त्याच गेटावर न्यायला निघाला व्हता. आन् विचारायची सवय लावून घेतलेला मी, मला उत्तर मिळालं व्हतं, आन् त्या उत्तराचं काय करायचं ते मला येत न्हवतं. थांबवू? कुणाला थांबवू? पोराचा पास जाईल.

किसन चावीवर हात ठेवून वाट बघत व्हता. मारू का सेल? मी दुसरी क्लिप लावली. म्हणलं मार.

पयल्या सेलला चालू झाली. मला आनंद झाला न्हाई. किसन म्हणला येतो रं, परत इकडनंच येईन, चहा ठेव. सागरनं पोत्यातली मूठभर फुलं काढून माझ्या बाकड्यावर ठेवली. मी अल्लाला येवढंच म्हणलं, ह्या पोराला कायम कर. आन् न्हाई केलंस, आन् उद्या हा बी गेटावर बसला, तर त्या दिवशी माझ्या हाताला ताप दे, पेटी उचलता येऊ नये.